सायकलवाल्यानेही फाट्यावर पाय टेकला पाहिजे

भेंडी कुणासाठी थांबत नाही. दिवसाआड तोडा झाला नाही तर ती जून होते आणि मग व्यापारी हात लावत नाही. म्हणून टोकावडे परिसरातला भेंडीवाला शेतकरी थंडीतही अंधारातच उठतो. आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या गोणी सायकलीच्या कॅरिअरला बांधतो, पाड्यावरून उतार उतरतो आणि हमरस्त्यावर टेम्पो गाठतो. टेम्पो चुकला की माल पडून राहतो. त्यामुळे उतारावर ब्रेक दाबायला कुणाचे मन होत नाही.

असेच एक शेतकरी दोन वर्षांपूर्वी फाट्यावर आले. वय पन्नाशीच्या पुढे. मागे दोन गोणी, पुढे हँडलला पिशवी. सायकलला दिवा नाही, मागचे लाल रिफ्लेक्टर कधीच पडलेले, ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत. उतारावरून ते थेट हमरस्त्यावर उतरले. कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या एका गाडीने कॅरिअरला धडक दिली. गोणी फुटल्या, भेंडी रस्ताभर झाली आणि काकांचा पाय नडगीत मोडला. गाडी थांबली नाही. नंबर कोणी पाहिला नाही.

मी महिनाभराने त्यांच्या घरी गेलो होतो, ते कीडनियंत्रणाच्या कामासाठी. प्लॉट पाहिला तर अर्धी भेंडी झाडावरच जून झालेली. घरात तोडायला दुसरे माणूस नव्हते. बोलता बोलता मी म्हणालो, "काका, फाट्यावर थांबायला नको होतं का?" त्यावर ते म्हणाले, "सायब, सायकलला कसला आलाय कायदा? कायदा गाडीवाल्याला. आन मी तर वीस वर्सं असाच उतरतोय."

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत फिरताना शेतकरी, दूधवाले, शाळेची मुले, कारखान्यात पाळीला जाणारी पोरे, सगळ्यांचा समज हाच दिसतो. सायकलला लायसन नाही, नंबर नाही, विमा नाही, तेव्हा कायदाही नाही. हा समज चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. म्हणून पिकपाण्याचा विषय बाजूला ठेवून आज या विषयावर लिहीत आहे.

सायकल हे वाहन आहे का?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात 'मोटार वाहन' म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणारे वाहन. पायाने चालणारी सायकल त्यात बसत नाही. म्हणून सायकलला नोंदणी, लायसन, विमा, पीयूसी यांपैकी काही लागत नाही. इथपर्यंत काकांचे म्हणणे बरोबर आहे.

पण रस्त्याचा कायदा तेवढाच नाही. महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ सालचा आहे. पूर्वी त्याला मुंबई पोलिस अधिनियम म्हणत. त्यात 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत बैलगाडी, हातगाडी यांच्याबरोबर सायकल स्पष्ट घातली आहे. याच कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे वाहन चालवणाऱ्याने सबळ कारण नसेल तर रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालले पाहिजे आणि पुढच्या वाहनाला त्याच्या उजव्या बाजूने ओलांडले पाहिजे. कलम ३३ खाली रहदारीचे नियम करण्याचा अधिकार आहे. त्यात सायकल चालवणारे, पायी चालणारे आणि गुरे नेणारे सगळे येतात. रात्री वाहनाला दिवे किती आणि कुठे असावेत, हेही त्याच कलमाखाली ठरवता येते. कलम ६८ प्रमाणे पोलिसाने कर्तव्यावर असताना दिलेली वाजवी आज्ञा मानणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. चौकात पोलिसाने हात केला तर तो सायकलवाल्यालाही आहे.

जुन्या माणसांना आठवत असेल, एके काळी सायकलला पत्र्याचा बिल्ला लागायचा आणि त्याचा कर भरावा लागायचा. तालुक्याच्या गावी अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या सायकलवाल्याला आणि डबलसीटवाल्याला पोलिस उतरवायचे, चाकाची हवा सोडायचे. बिल्ला गेला, कर गेला, तसा सायकलचा कायदाही गेला असे लोकांना वाटू लागले. कायदा मात्र आहे तिथेच आहे.

दुसरी गोष्ट फौजदारी कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वी भारतीय दंड विधानात जे कलम २७९ होते ते आता कलम २८१ झाले आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हलगर्जीपणाने वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कलमात 'मोटार वाहन' असा शब्द नाही, 'कोणतेही वाहन' असा आहे. सायकलवाला अचानक आडवा आला, त्याला चुकवताना मोटारसायकलवरचे नवरा-बायको पडले, तर जबाबदारी सायकलवाल्यावरही येऊ शकते.

फाट्यावर पाळी कुणाची?

पाटाच्या पाण्याची पाळी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. मुख्य पाटाचे पाणी आधी, चारीचे नंतर. कुणाची पाळी आहे हे ठरलेले असते, म्हणून बांधावर भांडणे होत नाहीत. आणि पाळी मोडली की काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. रस्त्याचेही तसेच आहे.

मोटारींसाठी १९८९ साली रस्त्याचे नियम झाले. त्यांच्या जागी २०१७ साली वाहन चालवण्याचे नवे नियम आले. दोन्हींचा गाभा एकच आहे. चौक किंवा फाटा आला की वेग कमी करायचा. धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय आत शिरायचे नाही. बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे. दोन्ही रस्ते सारखेच असतील आणि पोलिस किंवा सिग्नल नसेल, तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची.

हे नियम मोटारचालकाला उद्देशून लिहिलेले आहेत. पण समोरचा माणूस ज्या नियमाने चालणार आहे, त्याच नियमाने आपण चाललो तरच दोघांचे जमते. हमरस्त्यावरचा चालक असे गृहीत धरतो, की पाड्याच्या रस्त्यावरून येणारा थांबेल. आपण थांबलो नाही तर त्याचा हिशेब चुकतो आणि हाड आपले मोडते.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हमरस्त्यावरच्या चालकाला मोकळे रान दिलेले नाही. २०१७ च्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. फाट्यावर ओव्हरटेक करायला मनाई आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला जाणाऱ्या गाड्या फाट्यावरच एकमेकींना मागे टाकताना आपण पाहतो. तो उघड कायदेभंग आहे.

तिसरा खांब

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटाने नगरकडे जाणारा आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. घाटमाथ्यावरचा भाजीपाला याच रस्त्याने उतरतो. या रस्त्याला जागोजाग पाड्यांचे रस्ते मिळतात. सरळगावला किन्हवली-शहापूरचा रस्ता फुटतो. अशा बहुतेक फाट्यांवर सिग्नल नसतो आणि पोलिसही रोज उभा नसतो. तिथे आपणच आपले पोलिस.

थोडा हिशेब मांडू. थांबलेली, माल लादलेली सायकल दोन पदरी रस्ता ओलांडून पूर्ण पलीकडे जायला साधारण सात सेकंद घेते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर तोडते. म्हणजे सात सेकंदांत जवळजवळ १२० मीटर. गाडी ८० च्या वेगात असेल तर १५५ मीटर. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा ८० चा वेग ही काही मोठी गोष्ट नाही.

मीटर डोळ्याने मोजता येत नाहीत, पण विजेचे खांब मोजता येतात. दोन खांबांत ५० मीटर अंतर धरले तर तिसरा खांब १५० मीटरवर येतो. आपल्या फाट्यावरचे अंतर एकदा पावलांनी मोजून घ्यावे. मग साधा नियम करावा: तिसऱ्या खांबाच्या आत गाडी दिसली की पाय टेकलेलाच ठेवायचा. गाडी त्याच्या बऱ्याच पलीकडे असेल तरच निघायचे. धुके असेल, पाऊस असेल, तिसरा खांब दिसतच नसेल, तर सायकलवरून उतरून कान देऊन, हातात धरून ओलांडायचे.

फाट्यावर करायच्या गोष्टी

१. उतारावरून येताना फाट्याच्या आधीच वेग तोडावा. पावसात रिम ओली असते आणि ब्रेकचे रबर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पकडत नाही. म्हणून थोडे आधीपासून ब्रेक हलके दाबत यावे, म्हणजे रिम पुसली जाते. मागे ४० किलोची गोणी असेल तर थांबायला जास्त अंतर लागते. ओझ्याने पुढचे चाक हलके होते आणि हँडल डगमगते, हेही लक्षात ठेवावे.

२. डांबरी सुरू होण्याआधी, साइडपट्टीच्याही आत थांबावे. एक पाय जमिनीला टेकवावा. आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. आपण डावीकडून चालतो, म्हणून पहिली गाडी उजवीकडून येते.

३. डावीकडे वळायचे असेल तरी थांबावे. 'डावीकडेच तर वळायचंय' म्हणून न पाहता वळणारे पुष्कळ दिसतात. ओझ्याची सायकल वळताना बाहेर फेकली जाते आणि थेट गाडीच्या पट्ट्यात येते.

४. हमरस्त्यावरून उजवीकडच्या पाड्याला वळायचे असेल तर चालत्या सायकलीवर मध्येच कापून जाऊ नये. फाट्याच्या थोडे पुढे डाव्या साइडपट्टीवर उतरावे. मागून येणाऱ्या गाड्या जाऊ द्याव्यात. सायकल वळवून सरळ रेषेत रस्ता ओलांडावा. याला दोन टप्प्यांचे वळण म्हणतात. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तिथे चौकात सायकलस्वाराने उजवीकडे असेच दोन टप्प्यांत वळावे, असा कायदाच आहे. आपण तो शहाणपण म्हणून घ्यावा.

५. वळण्याआधी हात दाखवावा. उजवीकडे जायचे तर उजवा हात आडवा सरळ, डावीकडे जायचे तर डावा. हात वळणाच्या बराच आधी दाखवावा आणि वळताना दोन्ही हात हँडलवर ठेवावेत.

६. उलट्या बाजूने येऊ नये. 'शंभर पावलांसाठी कशाला पलीकडे जायचं' म्हणून उजव्या कडेने सायकल हाकत फाटा गाठणारे रोज दिसतात. बाजूच्या रस्त्यावरून हमरस्त्यावर येणारा जीपवाला फक्त उजवीकडे पाहून डावीकडे वळतो. डावीकडून कुणी येईल हे त्याच्या मनातही नसते. उलटे यायचेच असेल तर उतरून सायकल हातात धरावी आणि डांबरीच्या बाहेरून चालावे.

७. एसटी किंवा टेम्पो थांबलेला असेल तर त्याच्या पुढून सायकल काढू नये. तो जाऊ द्यावा. पलीकडून येणाऱ्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तो दिसत नाही.

८. कल्याण, ठाण्याला माल किंवा कामासाठी गेल्यावर सिग्नल लागतो. तांबडा दिवा सायकललाही तांबडाच आहे. रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या रेषेच्या मागे थांबावे. तांबडा असताना डावीकडे वळणे हिरवा बाण किंवा तशी पाटी असेल तरच. झेब्रा पट्टे पायी चालणाऱ्यांचे आहेत. तिथून जायचे तर उतरून चालत जावे.

दोन पाट्या ओळखा

आठ कोनांची लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा. उलटा त्रिकोण, टोक खाली, कडा लाल, म्हणजे मुख्य रस्त्यावरच्यांना आधी वाट द्या. या दोन पाट्या मुलांना शाळेतच शिकवल्या पाहिजेत. गोल पाटीत लाल कडेच्या आत सायकलचे चित्र असेल तर त्या रस्त्यावर सायकलला बंदी आहे. निळ्या गोलात सायकल असेल तर ती वाट सायकलींसाठी आहे.

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. कुंपण ओलांडून 'जवळची वाट' काढणे म्हणजे जीव विकणे आहे. बोगद्याचा वळसा लांब पडला तरी तोच घ्यावा.

बॅटरीच्या सायकलीबद्दलही विचारणा होते. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. त्यापुढची असेल तर नोंदणी, लायसन, विमा सगळे लागते. विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये, कागद पाहावा.

अपघात झाला तर

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. आता काकांच्या प्रकरणाकडे परत येतो. त्यांनी पोलिसांत तक्रार दिलीच नाही. "माझीच चूक, कुणाचं नाव घेऊ?" असे म्हणून ते घरी बसले. इथे त्यांचे दुसरे नुकसान झाले.

धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. त्यासाठीचा अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो. पण पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद नसतील तर अर्जाला आधार राहत नाही. काकांच्या घरी यातला एकही कागद नव्हता.

गाडी सापडली तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते. सायकलस्वाराचा विमा नसला तरी चालतो, कारण गाडीचा विमा अशा तिऱ्हाइतासाठीच सक्तीचा केलेला आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत करायचा. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. त्याहून जास्त मागायचे असेल तर चुकीचा प्रश्न येतो. बाजूच्या रस्त्यावरून न थांबता आला, दिवा नव्हता, उलट्या बाजूने होता, असे पुढे आले की न्यायाधिकरण सायकलस्वाराच्या चुकीचा वाटा टक्क्यांत ठरवते आणि तेवढी रक्कम कापली जाते. म्हणजे फाट्यावर पाय टेकण्याची किंमत तिथेही निघते.

मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीसाठी दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचाराची केंद्राची योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयांत तिचा लाभ मिळतो. जखमीला उचलून नेणाऱ्याने घाबरू नये. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर जबाबदारी टाकता येत नाही आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला साक्षीसाठी अडकवता येत नाही. पळालेल्या गाडीचा नंबर मात्र पाहणाऱ्याने खडूने, काडीने, मिळेल त्याने लिहून ठेवावा.

आमच्या खात्याकडची योजना शेतकऱ्यांना माहीत असायला हवी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा समावेश आहे. रस्त्यावरचा अपघात तिच्यात येतो. मृत्यू झाल्यास २ लाख, दोन अवयव किंवा दोन डोळे गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा. सातबारा, वयाचा दाखला, प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, मृत्यूचा किंवा अपंगत्वाचा दाखला हे कागद लागतात. नुसते हाड मोडले आणि पुढे जुळले, तर या योजनेत काही मिळत नाही. काकांना इथूनही काही मिळाले नाही. दारू पिऊन झालेला अपघातही यात बसत नाही.

बाहेर काय चालते

इतर देशांतही या प्रश्नावर खल झाला आहे. हॉलंडमध्ये १ मे २००१ पासून सिग्नल किंवा पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वाराला मोटारीने आधी वाट द्यावी, असा नियम झाला. त्याआधी हा मान फक्त मोटारींना होता. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला थांबण्याच्या पाटीशी रस्ता मोकळा असेल तर पूर्ण न थांबता, सावकाश पुढे जायची मुभा आहे. म्हणजे सायकलचा वेगळा विचार कायदा करू शकतो. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१-अ) आले. बिनयंत्राची वाहने आणि पादचारी यांच्यासाठी राज्यांनी नियम करावेत, असे त्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते नियम सहा महिन्यांत करायला सांगितले. हे नियम शहरातल्या सायकल ट्रॅकपुरते न राहता पाड्याच्या फाट्यापर्यंत यावेत, असे आपण मागितले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. त्यातली मोठी संख्या खेड्यांतलीच आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलिस पाटील यांच्यासाठी चार कामे सुचवतो. यांतल्या दोन कामांना फारसा पैसा लागत नाही.

पहिले, फाट्याचे कोपरे साफ करणे. पावसाळ्यानंतर घाणेरी, एरंड आणि गवत माणसाच्या डोक्यावर जाते. सायकलवाल्याला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला सायकल. कोपऱ्यावरच्या शेतकऱ्याने आपले कुंपण फाट्याजवळच्या दहा-पंधरा पावलांत कमरेखाली ठेवावे. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फलक कोपऱ्यावरून हलवावेत. त्यांनी अपघात झाला तर शुभेच्छुकांपैकी कुणी भरपाई देत नाही.

दुसरे, कोपऱ्यावर जीपा, टेम्पो उभे राहू न देणे आणि खडी-रेतीचे ढीग टाकू न देणे. सांडलेल्या बारीक खडीवर सायकल हमखास घसरते.

तिसरे, पाड्याचा रस्ता हमरस्त्याला मिळण्याआधी त्या लहान रस्त्यावर गतिरोधक, थांब्याची पाटी आणि पांढरी रेष. महामार्गावर ग्रामपंचायतीला काही करता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग विभागाला ठराव पाठवावा. पण आपला रस्ता आपल्या हातात आहे.

चौथे, फाट्यावर एक दिवा. भाजीवाले पहाटे येतात आणि कामावरची पोरे रात्री परततात. त्याबरोबर शाळेत वर्षातून एकदा सायकल तपासणी ठेवावी. दोन्ही ब्रेक, घंटी, पुढे पांढरे आणि मागे लाल रिफ्लेक्टर, पेडलला पिवळे. रिफ्लेक्टर पट्टीला फार खर्च येत नाही. गोणीमुळे मागचे रिफ्लेक्टर झाकले जाते, म्हणून गोणीच्या पाठीवरही एक पट्टी बांधावी.

काकांचा पाय जुळला, पण चिखलात उभे राहवत नाही. गेल्या आवणीला त्यांनी बांधावर बसून फक्त राबातली रोपे सोडवून दिली. भेंडी त्यांनी निम्म्यावर आणली. परवा फाट्यावर भेटले. आता सायकल मुलगा चालवतो आणि काका मागून चालत येतात. मुलाने डांबरीच्या आधी सायकल थांबवली, पाय टेकला. काका मला म्हणाले, "सायब, तिसरा खांब त्याला दाखवून ठेवलाय. टेम्पो चुकला तर चुकला."

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी गावोगाव ग्रामसभा होतात. जी पहिली येईल तिच्यात आपल्या फाट्याचा विषय घ्यावा आणि कोपऱ्यावरची झुडपे त्याच आठवड्यात तोडावीत, ही विनंती.